राजहंसाचा काचमहाल आणि उंबरातली धनेशीण

एका जंगलात, मुलांनो, सावली फुकट मिळायची. फुकट मिळायची म्हणून तिला कुणी विचारत नव्हतं. हे असंच असतं. कुठल्याही दुकानदाराला विचारा.

तिथले सिंहमहाराज गुहेत राहायचे. गुहा जुनी होती, जराशी अंधारी होती, पण ऐन वैशाखात गार असायची. एकदा शेजारच्या जंगलातला वाघ पाहुणा आला. आत शिरताना त्याचं डोकं कपारीला लागलं. तो कपाळ चोळत म्हणाला, "अजून इथंच का तुम्ही?"

बस्स. त्या दिवसापासून महाराजांना गुहेत झोप येईना.

मार्गशीर्षात राजहंस आला. हा पक्षी पार उत्तरेकडचा. तिकडं बर्फ पडतो. थंडी सुरू झाली की इकडं यायचं, तळ्यावर चरायचं आणि उकडायला लागलं की घरी परतायचं, असा त्याचा शिरस्ता. त्याची मान लांब होती, त्यामुळे तो काहीही बोलला तरी विचार करून बोलल्यासारखं वाटायचं.

महाराजांनी त्याला विचारलं, "तुमच्याकडची मोठी मंडळी कशात राहतात हो?"

"काचेत," राजहंस म्हणाला. "चारी बाजूंनी काच. ऊन आत येतं आणि आतच राहतं. फार सुख वाटतं."

त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग काय, टेकडीवर काचमहाल उभा राहिला. जंगलात काच कुठून आली ते विचारू नका. कोल्होबा दिवाणांनी मिळवली, आणि त्यांना असले प्रश्न विचारायची जंगलात रीत नव्हती.

पौषातल्या एका गारठलेल्या सकाळी वास्तुशांत झाली. सगळे प्राणी कुडकुडत आत शिरले आणि एकदम सैल झाले. सशानं कान खाली सोडले. रानडुक्कर तर उभ्याउभ्याच पेंगायला लागलं.

"ऊब बघा, ऊब," कोल्होबा सगळ्यांना सांगत फिरत होते.

तेवढ्यात धनेश उठला. मोठ्या चोचीचा, जरा भोळा पक्षी. म्हणाला, "महाराज, एक शंका होती. पौषात ही ऊब, तर वैशाखात काय?"

कोल्होबांनी विचारलं, "तुम्ही कुठले?"

"मी इथलाच. खालच्या उंबरावरचा."

"मग बसा खाली."

सगळे हसले. धनेशही हसला, कारण सगळे हसत असताना एकट्यानं गंभीर बसणं बरं दिसत नाही. राजहंसाला शाल दिली. अंगावर पिसं असलेल्याला शाल कशाला, पण त्यानं घेतली, आणि फाल्गुनात उडून गेला.

आमच्या पेठेत एक घोंगडीवाला होता. गोड माणूस. माघात तुम्हाला पारावर बसवून स्वतःच्या हातानं घोंगडी पांघरायचा आणि विचारायचा, "कसं वाटतंय?" वैशाखात तो पेठेत दिसायचा नाही. असो.

चैत्र लागला. काचमहाल तापला. महाराज सकाळी या कोपऱ्यात, दुपारी त्या कोपऱ्यात, असे उन्हापुढं पळू लागले. गुहेत परत जाणं शक्य नव्हतं. वाघाला कळलं असतं.

कोल्होबा म्हणाले, "महाराज, महालात दोष नाही. वारा कमी पडतोय."

त्यांनी हत्ती लावले. हत्तींनी महालाच्या चारी बाजूंना उभं राहायचं आणि कानांनी वारा घालायचा. हत्तींचा मुकादम होता गजाभाऊ. तो म्हणाला, "कान हलवू की. पण कान हलले की पोट हलतं. चाऱ्याचं काय?"

"टेकडीवर झाडं काय शोभेला आहेत?" कोल्होबा म्हणाले.

हत्तींनी जवळची झाडं खाल्ली. सावली गेली. ऊन वाढलं, तसे आणखी हत्ती आले. त्यांनी पलीकडची झाडं खाल्ली. महालातली गरम हवा उताराला लागली आणि सशाच्या बिळात, डुकराच्या चिखलात शिरली. ससा तक्रार घेऊन आला.

"महाराज, तुमची झळ आमच्याकडं येते."

"तुम्हीही हत्ती लावा," कोल्होबा म्हणाले.

ससा घरी जाऊन बराच वेळ विचार करत बसला. त्याच्या बिळाला हत्ती कुठून लावायचा हे त्याला कळेना. पण डुकरानं लावला, हरणांनी मिळून लावला. वैशाख निम्मा सरला तेव्हा जंगलात हत्ती भरपूर होते आणि झाड एकच उरलं होतं. खालचा उंबर.

त्या उंबराच्या ढोलीत धनेशीण बसली होती.

धनेशांची एक रीत आहे, मुलांनो. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि चिखलानं दार लिंपून घेते. चोच मावेल एवढीच फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येत नाही. तिची पिसंही झडतात, म्हणजे यायचं म्हटलं तरी उडता येत नाही. नवरा त्या फटीतून फळं भरवतो.

त्या संध्याकाळी धनेश फटीशी आला. चोचीत एकच फळ होतं.

"एवढंच?" आतून आवाज आला.

"बाजार पडलाय," धनेश म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे. "अगं, उद्या सकाळी हत्ती येणार आहेत. आपल्या झाडाकडं. महाराज स्वतः उभे राहून पाडून घेणार आहेत."

धनेशीण म्हणाली, "पिल्लांना अजून पिसं नाहीत. मलाही नाहीत. तुम्ही त्या वास्तुशांतीला नीट बोलला असतात तर?"

"बोललो होतो."

"आणि?"

"बसलो."

"तुम्ही म्हणजे ना," धनेशीण म्हणाली, आणि ते एक फळ पिल्लांत वाटू लागली. धनेश रात्रभर फटीबाहेर बसून राहिला.

सकाळी महाराज आले. हत्ती अजून यायचे होते, कारण गजाभाऊ म्हणाला होता की न्याहारीशिवाय कान हलत नाहीत आणि पायही हलत नाहीत. महाराज वाट बघत उंबराखाली टेकले. पानांतून वारा आला. चैत्रापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ते तिथंच आडवे झाले आणि घोरू लागले.

गजाभाऊ आला तेव्हा महाराज गाढ झोपेत होते. झोपलेल्या सिंहाच्या अंगावर झाड पाडायचा हुकूम कुणाकडंच नव्हता. हत्ती रांगेत उभे राहिले. सावलीत.

दुपार टळली. ढोलीतून आवाज आला, "कोण घोरतंय ते? पिल्लं उठतात."

महाराज दचकून जागे झाले. "आत कोण आहे?"

"मी धनेशीण. आणि तुम्ही?"

महाराजांनी ते सांगायचं टाळलं. त्यांनी लिंपलेल्या दारावर पंजा ठेवला. दार गार होतं. "बाई, तुम्हाला आत वारा कोण घालतं?"

"मला? माझा नवरा एक फळ आणतो, तो वारा कुठून आणणार?"

"मग गार कसं?"

"ते मला काय माहीत. आमची आई अशीच बसायची."

महाराज बराच वेळ उंबराकडं बघत राहिले. चूक झाली असं म्हणायची राजाला सोय नसते. संध्याकाळी दवंडी पिटली: काचमहाल इतका यशस्वी झाला आहे की त्याचा विस्तार करण्यात येत आहे. खालचा उंबर हा यापुढं काचमहालाचाच भाग समजावा. त्याला कुणी सोंड लावू नये.

झाड वाचलं. आषाढात धनेशीण चिखल फोडून बाहेर आली, मागोमाग पिल्लं. तिनं उजाड टेकडीकडं पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "मी आत गेले तेव्हा इथं जंगल होतं ना?"

हत्ती कामाविना नदीकडं निघून गेले. काचमहालात आता माकडिणी पापड वाळवतात. एका उन्हात कडक होतात. माल चांगला असतो, मी पाहिलाय.

मार्गशीर्षात राजहंस परत आला. महाराज उंबराखाली बसलेले बघून चकित झाला.

"हे काय, महाराज?"

"तुमच्याच महालाचा विस्तार," महाराज म्हणाले. "भिंती काढून टाकल्या. फार सुख वाटतं."

त्यात खोटं काहीच नव्हतं.

राजहंसानं मान लांब करून सगळं नीट पाहून घेतलं. फाल्गुनात घरी गेला आणि तिथल्या मंडळींना म्हणाला, "काच जुनी झाली. गरम देशातले राजे आता झाडाखाली बसतात."

कोपऱ्यातून एक म्हातारा बर्फातला ससा म्हणाला, "पण आपल्याकडं पौषात काय?"

राजहंसानं विचारलं, "तुम्ही कुठले?"

तात्पर्य: सल्ला नेहमी लांबून आलेल्याचाच घ्यावा. जवळच्याचा सल्ला चुकला तर तो रोज समोर दिसतो, आणि बरोबर निघाला तर त्याहून जास्त दिसतो.