बिराप्पा हवालदारांची हाजिरी

"लॅबमध्ये मशीनं किती?" असं बिराप्पा हवालदारांना विचारून बघा. माणूस आकडा म्हणून सांगायचा नाही. "सगळी हायत की!" एवढंच. प्राचार्य एकदा चिडले, "अहो, सगळी म्हणजे किती?" तर म्हणाले, "आमच्यात मोजत न्हाईत साहेब. वळखत्यात."

हे आमचे लॅब असिस्टंट. जतकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातले, मग फौजेत वायरलेसवर. निवृत्त होऊन सांगलीत आमच्या कॉलेजात आले आणि अशा झपाट्यानं कॉम्प्युटर शिकले, की शिकवणाऱ्या मलाच धाप लागली. प्रत्येक मशीनला त्यांनी घरच्या मेंढीचं नाव दिलेलं. काळी, बांडी, कवळी, लाडी. पोरं ओरडायची, "सर, लाडी हँग झाली!" बाहेरच्याला कळेना, हे कॉलेज की कोंडवाडा!

त्यांनी स्वतः एक स्क्रिप्ट लिहिली होती. तिचं नाव हाजिरी. काळ्या पडद्यावर कमांड दिली, की ती यादीतल्या एकेका मशीनला हाक मारायची आणि त्याचा नेटवर्कवरचा पत्ता नावासमोर छापायची. ओळ उमटली रे उमटली, की हवालदारांची मांडीवर थाप, "आली रं आली!" मला आधी हसू यायचं. पुढं पुढं मीही थापा मारायला लागलो.

त्या दिवशी दोन वाजता तपासणी समिती येणार होती. सगळी मशीनं जोडलेली दाखवली, तरच नव्या कोर्सला परवानगी. बाराला हाजिरी लावली. काळी आली, बांडी आली, कवळी आली, आणि पडदा गप्प! कर्सर नुसता लुकलुकतोय.

"वायर!" म्हणत हवालदार टेबलाखाली. मागोमाग मी. तासभर आम्ही रांगत होतो. जोड आवळले, टोकं बदलली, माझी नवी पँट गुडघ्यावर फाटली. एकेका मशीनला वेगळं विचारलं तर गुमान पत्ता सांगायचं, हाजिरी मात्र कवळीपुढं हलेना. माझं डोकंच फिरलं.

"हवालदार, तुमच्या मेंढ्या माझी नोकरी खाणार!"

"घाबरू नगा सर," ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

शेवटी मी यादीच उघडली. कवळीखाली नाव होतं, हौसा. परवा वीज पडली तेव्हा जळालेलं, काल भंगारात गेलेलं मशीन! नसलेल्या मशीनला हाक मारून आमची हाजिरी उत्तराची वाट बघत बसलेली. "सापडलं!" मी अक्षरशः नाचलो आणि ओळ पुसायला हात घातला.

"आवं, ऱ्हाऊ द्या!" हवालदारांनी माझं मनगट धरलं. "गेल्याचं नाव वरीसभर पुसत न्हाईत आमच्यात."

"अहो, समिती दारात आलीय! आणि मेंढीच ना ती?"

"मेंढी न्हवं, सर. मंडळी आमची."

मी कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

"लय वरसं झाली. सरहद्दीवर हुतो. तार हातात पडली, तवा समदं उरकलं हुतं. शेवटची हाक बी माराय गावली न्हाई." मग म्हणाले, "आडलंय कुठं, ते मगाशीच ध्यानात आलं हुतं. सांगाय जीभ उचलंना."

फाटक्या पँटचा राग कुठल्या कुठं गेला. मला माझीच लाज वाटली. मी नाव तसंच ठेवलं आणि एक ओळ घातली, की दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुढच्या मशीनकडं जायचं.

हवालदार वाकून बघत होते. "दोनच?"

"मग किती?"

"पाच करा की."

पाच केले. परवानगी मिळाली, कॉलेजात पेढे वाटले. पण मला आठवतं ते वेगळंच. समितीसमोर काळी, बांडी, कवळी धडाधड आल्या आणि हौसापाशी पडदा थांबला. एक सदस्य पुढं झुकले, "काय, अडकलं का?"

"न्हाई साहेब," पडद्यावरची नजर न काढता हवालदार म्हणाले, "तिला हाक मारलीया."