बसल्या जागी वैराग

मी शंभर वेळा मोटारीतून वैरागला जाऊन आले आणि शंभरही वेळा मोटार जागची हलली नव्हती. हसू नका. त्या मोटारीत हसायची कुणाची छाती नव्हती, कारण पुढच्या सीटवर शिवलिंगप्पा मास्तर असायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, मोटार शिकवणारे. सोलापुरात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. बायको वारून बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात एक माणूस आणि अंगणात एक काळी म्हातारी मोटार, दोघंही सारखेच खोकणारे. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि दोन्हींत मिळून कौतुकाचा शब्द एकही नाही.

मोठा दुष्काळ नुकता सरला होता. आमच्या नळाला चार दिवसांनी पाणी यायचं, आणि मास्तरांची मोटार बंद पडली ती पुरानं. म्हणजे असं झालं, की मोटारीची क्लच प्लेट झिजून गेली, आणि नेमका त्याच वेळी तिकडे लांब पूर्वेला महापूर आला. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पाणी शिरलं, वर रेल्वेचा पूलही गेला. आम्ही इथे घागरी घेऊन रांगेत, आणि आमची मोटार शेकडो कोस लांबच्या पाण्यात बुडालेली.

दुसरा कुणी असता तर हात चोळत बसला असता. मास्तरांनी मोटार विटांवर चढवली, उन्हानं टायर फाटू नयेत म्हणून चारही चाकं काढून पलंगाखाली ठेवली, आणि दारात एक पाटी टांगली. अडत्याच्या दुकानाबाहेर ज्वारीचा भाव लिहितात ना, तशी. त्यावर रोज सकाळी खडूनं मोटारधंद्याचा भाव. ‘आज चिखल.’ दुसऱ्या दिवशी, ‘चिखल सुकतोय.’ पुढच्या आठवड्यात, ‘मशीन पुसणे चालू.’ मग बरेच दिवस, ‘वॅगन न्हाय.’

“अक्का, मोटारधंद्याचं काय खरं न्हाय,” ते मला कुंपणावरून सांगायचे. “पानी वसरलं तर चिखल, चिखल निगाला तर गंज, गंज निगाला तर माल, आन् माल झाला तर वॅगन कुटं हाय? दोन वर्सं धरा.”

“पण पेपरात तर लवकर सुरू होईल म्हणतात.”

“पेपरवाल्यानं कदी क्लच दाबलाय का?”

दिल्लीत मंत्री होते, कारखान्यांचे मालक होते, पण मोटारधंद्याचं पुढे काय होणार हे त्या बिचाऱ्यांना कुणी विचारत नसावं. आमच्या गल्लीत पाटी असताना विचारायचं कशाला?

बरं, शिकवणी बंद झाली म्हणाल, तर तसंही नाही. मोटार उभी होती, शाळा चालू होती. विद्यार्थिनी एकच उरली होती, माझी नणंद शकू. बाकीचे चाकं पलंगाखाली गेली तेव्हाच पळाले. शकूला पळून चालणार नव्हतं. तिला सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं होतं, कायमचं. वैराग गावच्या एक डॉक्टरीणबाई खेड्यापाड्यांत बाळंतपणाला जायच्या. त्यांना सोबतीला येईल आणि गाडीही चालवेल अशी बाईच हवी होती. राहायला खोली देणार होत्या. लायसन घेऊन ये, म्हणाल्या. सोलापुरातल्या दुसऱ्या मोटारशाळेचा मास्तर म्हणे बाईमाणसाला शिकवत नाही. आमच्या मास्तरांनी फक्त तिच्या चपलेकडे बघितलं आणि म्हणाले, “पायात काय तरी बरं घालून ये.” मोटार बंद पडायच्या आधी तेरा दिवस तिनं ती खरोखरची चालवली होती. पुढे सगळं विटांवर.

रोज संध्याकाळी शकू चाकापाशी बसायची, शेजारी मास्तर, आणि मागे पाशिंजर म्हणून मी आणि अंबुबाई, समोरच्या विणकरांच्या घरातली. रिकाम्या गाडीत शिकलेलं अंगी लागत नाही, असं मास्तरांचं शास्त्र. मी शेंगा फोडायचं सूप घेऊन बसायचे, आणि मास्तर वैरागचा रस्ता तोंडानंच उलगडायचे.

“वडाळा आलं. म्हशी हायत फुडं. हारन वाजवू नगो, म्हशीला ठावं हाय तू आलीयास त्ये. निल्लु, थांब. हात कुटं हाय तुजा? हात दाव.”

शकू खिडकीतून हात बाहेर काढून आमच्या तुळशीला इशारा करायची.

“मास्तर, मला उतरू द्या,” अंबुबाई म्हणायची, “चुलीवर दूध ठेवलंय.”

“मदी गाडी थांबत न्हाय.”

आणि खरं सांगते, ती उतरली नाही. दूध उतू गेलं, तरी वैराग आल्यावरच उतरली. मग मास्तर सगळ्यांना चहा द्यायचे आणि आम्ही तासभर बोलत बसायचो, जणू खरंच कुठून तरी दमून आलोय.

होता होता शकूच्या परीक्षेची तारीख आली, पुढचा सोमवार. डॉक्टरीणबाईंचाही निरोप आला, की आता थांबता येत नाही, दुसरी एक बाई तयार आहे. शकूनं जेवण सोडलं. पाटीवर मात्र ‘वॅगन न्हाय.’ शेवटी मीच तिला घेऊन सुट्या भागांच्या दुकानात गेले, म्हटलं हातापाया पडू.

दुकानदार म्हणाला, “मास्तरांची प्लेट? ती तर दोन महिन्यांपूर्वीच आली की. स्वतः घेऊन गेले.”

 वाटेत मी मास्तरांसाठी काय काय शब्द जुळवत आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. शकूला घरी धाडलं आणि तशीच त्यांच्या घरात शिरले. मास्तर स्टोव्हपाशी उकिडवे बसून कप मांडत होते. चार कप, आणि माझ्या कपात वेगळं आलं किसून ठेवलेलं, कारण मला खोकला होता.

“मास्तर, प्लेट कुठाय?”

त्यांनी मान वर केली नाही. “हाय.”

“पोरीचा जन्म पणाला लागलाय आणि तुम्ही पाटीवर वॅगन लिहिताय?”

“लई वाईट झालं,” ते म्हणाले. मग एक कप पुसत, “अक्का, एक इचारू? गाडी चालत हुती तवा सात वर्सांत तुमी माज्या घरात कितींदा आलासा?”

मी आठवून पाहिलं. एकदा. त्यांची बायको गेली तेव्हा, तीही दारापर्यंत.

“शकूचं मनात हाय माज्या. दोन दिस झोप न्हाय. उद्या सांगू, उद्या सांगू करतोय.” ते उठले आणि जोंधळ्याच्या पिठाच्या डब्यातून प्लेट काढली. ती ज्या पेपरात गुंडाळली होती, त्यात कारखाना सुरू झाल्याची बातमी होती. त्या दिवशी पेपर आलाच नाही, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं.

ओळखीचा मिस्त्री आणून दोन दिवसांत प्लेट बसवली, चाकं लावली, विटा काढल्या. पाटी पुसली, त्यावर काहीच लिहिलं नाही. उरलेले पाच दिवस पहाटेपासून शकूला त्यांनी इतकं पिदडलं, की अंबुबाई म्हणाली, उभी होती तेच बरं होतं.

सोमवारी परीक्षेला मीही गेले. साहेबांनी शकूला चढावर थांबवलं, मागे घ्यायला लावलं, पुन्हा थांबवलं. मास्तर मैदानाच्या कडेला माझ्याशेजारी उभे होते आणि धुळीत उगाचच डावा पाय दाबत होते. साहेब उतरले आणि म्हणाले, “बाई हात फार छान दाखवतात.” पास.

घरी निघताना मास्तर पुढे बसलेच नाहीत. मागचं दार उघडून माझ्याशेजारी येऊन बसले, पाशिंजरासारखे, हात गुडघ्यांवर ठेवून. शकू दोन दिवसांनी वैरागला जाणार होती, खरोखरची. तिनं गाडी चालू केली.  सात रस्त्याच्या चौकात आलो तेव्हा तिनंच विचारलं, “मास्तर, कुठनं घेऊ?”

“लांबनं घे पोरी,” मास्तर म्हणाले.