शंभरीच्या किल्ल्यावरील सुईची मोहीम

"काटा खोटा आहे. जन्म काट्यामागे गेला माझा, मला शिकवू नका," ऐसे श्रीमंत दिगंबरराव कडाडले, आणि त्यांच्या वडील भगिनी आक्कासाहेब म्हणाल्या, "काटा बरोबर आहे दिगू, तुझी बायको उष्णतेनं फुगली आहे," आणि ज्यांच्या वजनाचा हा तंटा त्या बाईसाहेब वैजयंताबाई काट्यावरच उभ्या, एक हात भिंतीस, गुडघे लटलटताहेत, त्या म्हणाल्या, "तुमचं ठरेपर्यंत मी खाली उतरू का?" कोणी ऐकले नाही. तर गणरायास दंडवत, वाचणारांस मुजरा, आणि ज्याने ही सुई शोधली त्यास लांबूनच रामराम करोन, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, चौथ्या मजल्यावरील राज्यात जो घोळ जाहला तो लिहितो.

राज्य म्हणजे तीन खोल्या, एक गॅलरी, आणि लिफ्ट नाही. राजे दिगंबरराव भंगाराचे व्यापारी, आणि हे लिहिणारा मी त्यांचा चिरंजीव. राणी बाईसाहेब, त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले, आणि गेल्या दिवाळीपासून त्यांनी जिना उतरला नव्हता. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले की गुडघे बदलून देतो, पण आधी शंभर किलोच्या आत या, त्याशिवाय तारीख मिळणार नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांनी घरी येऊन वजन उतरवणारी, आठवड्यास एक, अशी सुई लावून दिली, आणि ती सुई फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी मुक्कामास आली, आणि दर रविवारी दरबार भरू लागला. बाईसाहेब स्वतःच्या हाताने पोटास सुई टोचीत, दिगंबरराव भिंतीकडे तोंड करून उभे राहात, कारण राजे शूर पण सुई बघवत नाही, आणि आक्कासाहेब मीठमोहऱ्या ओवाळीत. मग दुसरे दिवशी सकाळपासून सगळे काट्याभोवती, की उतरले का, की उतरले का. अरे, कालच टोचली ना!

पहिल्या महिन्यात वजन उतरले, खोटे का सांगावे. पण सुईने खंडणीही वसूल केली. बाईसाहेबांस मळमळ सुरू जाहली, आणि ढेकर ऐसे येऊ लागले की नासक्या अंड्याचा वास दिवाणखान्यापर्यंत यावा, आणि पोट चार चार दिवस साफ होईना. फोडणीचा वास तर सोसेचना, म्हणोन राज्यात फोडणीस बंदी जाहली. मोहरी तडतडली की बाईसाहेब मोरीकडे धावत, आणि धावणे म्हणजे त्या गुडघ्यांनी काय ते समजून घ्यावे. प्रजेने उकडलेला दुधी खाल्ला, उकडलेली गवार खाल्ली, आणि दिगंबरराव दुकानाचे निमित्त करून खाली भजी खाऊन येत आणि मिशीस तेल लागलेले असताना म्हणत की, मला तर भूकच नाही. डोके फिरते असल्या राज्यात.

मग वजन एकशे दोनावर येऊन जे अडले ते अडलेच. एक आठवडा, दोन आठवडे, पुढे सरकेना. दिगंबररावांनी काटा उचलोन प्रत्येक खोलीत मांडून पाहिला. स्वयंपाकघरात एकशे दोन, गॅलरीत एकशे एक आणि थोडे वर. मग हुकूम सुटला की आजपासून राज्याचे वजन गॅलरीत होईल. फरशी तिथे उताराची आहे हे कोणास सांगावे? सांगितले तर म्हणतात, तू शाळा सोडलीस, तू बोलू नकोस. सुईच्या डॉक्टरांचा फोन आला, त्यांनी विचारले जेवण किती, आणि बाईसाहेब शपथेवर म्हणाल्या की अन्नास शिवत नाही, आणि डॉक्टर बुचकळ्यात पडले.

मग उलगडा जाहला तो किराणा दुकानात. साखर संपली म्हणोन आणावयास गेलो, तो हसमुखशेठ पुडा बांधता बांधता म्हणतात, "काय रे, घरात लग्न काढलंय का? मागची साखर परवाच नेलीस ना?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. तसाच जिना चढून आलो आणि आक्कासाहेबांच्या फडताळाचे दार उघडले. आत गुलकंदाची बरणी, गुलाबाच्या सरबताच्या बाटल्या, कोकमाचा पाक, खडीसाखर, सब्जा. विचारले हे काय आहे. आक्कासाहेब बिलकूल डगमगल्या नाहीत. सुई उष्ण पडते, मळमळ उष्णतेची, पोट धरते ते उष्णतेने, तर वरून थंड नको का द्यायला, ऐसा त्यांचा सवाल. म्हणोन सकाळी दुधात गुलकंद, दुपारी कोकम सरबत, संध्याकाळी सब्जा घालून गुलाबाचे दूध, निजताना खडीसाखरेचे पाणी. मग बाईसाहेबांकडे वळलो, तर त्या म्हणतात, "अरे, मी कुठं काय खाल्लं? पातळ तर होतं सगळं." म्हणजे उपवासाचा कायदा इथेही चालू. प्यालेले ते खाल्लेले नव्हे! आणि गंमत म्हणजे खोटे कोणीच बोलले नव्हते.

मग मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. आवाज तळमजल्यापर्यंत गेला. दिगंबरराव धावत वर आले, त्यांस वाटले कोणी पडले. आक्कासाहेबांनी पदर डोळ्यांस लावला आणि म्हणाल्या की वहिनीसाठी ऊन दाखवून दाखवून गुलकंद केला, आणि हे फळ. आणि दिगंबरराव बहिणीची बाजू घेऊ लागले, आणि मी ओरडतो, आणि तिघांचा कल्ला, तेव्हा बाईसाहेबांनी हातातला पेला दाणकन ओट्यावर ठेवला.

"मला खाली जायचंय," त्या म्हणाल्या. "बाकी तुमचं काही असो. हे किडकी वांगी आणतात आणि मी वर्षभर मुकाट्यानं चिरते. मला माझी वांगी हातानं निवडायची आहेत. कळलं का कोणाला?"

आक्कासाहेब उठल्या, बरणी उचलली आणि शेजारच्या काकूंस देऊन आल्या, येताना बडबडत की पुढे उष्णता वाढली तर मला सांगू नका. मग डॉक्टरांस खरे काय ते कळवले. ते फोनवर आधी हसले, मग म्हणाले की पाणी प्या, बिनसाखरेचे ताक प्या, दर वेळी थोडे थोडे खा, घरातल्या घरात चाला, आणि पोटासाठी गोळी दिली. ताक आक्कासाहेबांनीच घुसळले, आणि थंडच आहे म्हणोन समाधान मानले. मग काटा हलला. पण कसा, तर मुंगीच्या पावलाने. वाट पाहता पाहता माणूस म्हातारा व्हावा.

आज हाडांच्या डॉक्टरांकडे स्वारी निघाली. दिगंबररावांनी दुकानातले दोन हमाल आणि खुर्ची आणविली, की उचलून नेऊ. बाईसाहेब म्हणाल्या की मी भंगार नाही, आणि कठडा धरून, एकेक पायरी बसत उठत, स्वतः उतरल्या. मग इस्पितळात काट्यावर चढल्या. शंभर आणि वर चारशे ग्रॅम. आणि दिगंबरराव काय करावे, तर नर्सबाईंशी घासाघीस करू लागले, की ताई, साडी वजा करा, बांगड्या वजा करा, पॅकिंगचं वजन कोण धरतं का? नर्सबाई हसू लागल्या, आणि अर्धा किलो सोडण्यास जवळजवळ तयारही जाहल्या.

"नको," बाईसाहेब म्हणाल्या. "काही वजा करू नका. शंभर आणि चारशे लिहा. पंधरा दिवसांनी परत येते मी, जिना आता माहीत झालाय."

दिगंबररावांनी कपाळास हात लावला. मीही लावला, कारण तारीख हातात आली होती आणि हिने सोडून दिली, आणि आता पुन्हा पंधरा दिवस दुधी, पुन्हा तो काटा, पुन्हा गॅलरी. आक्कासाहेब मात्र वहिनीचे कोपर धरून उभ्या राहिल्या.

तात्पर्य इतुकेच की किल्ला सर जाहला नाही, चारशे ग्रॅम उरले, फोडणीवरील बंदी कायम, आणि राणी वर्षाने खाली उतरल्या. हे इस्पितळाच्या बाकावर बसोन लिहितो आहे तोच बाईसाहेब चार मजले स्वतः चढण्याच्या गोष्टी करीत बाहेर निघाल्या, हमालांची खुर्ची परत पाठविली, आणि मागून कोणीतरी चालावयास हवे. मी निघतो.