भिंगाला हळद

डॉ. हेमांगी पाटलांनी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे तिसऱ्यांदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा स्वतःचा चष्मा पुसला. जळगावच्या कॉलेजात हे यंत्र आणण्यात त्यांची चार वर्षं गेली होती. केळीच्या मुळातल्या जिवंत पेशीत प्रथिनाचे मोजके रेणू चमकत्या रंगाने रंगवायचे, निळा प्रकाश टाकायचा, की काळोखात एकेक रेणू ठिपक्यासारखा फिरताना दिसायचा. दसऱ्याच्या सुट्टीआधी दिसलाही होता. आज मात्र पडदाभर हिरवंपिवळं झगझगत होतं. अकराला संस्थेचे अध्यक्ष जीवराम नाना स्वतः रेणू बघायला येणार होते. नाही दिसला, तर यंत्र संस्थेच्या शिरपूरच्या कॉलेजात.

रंग बदलून झाला, पेशी बदलून झाल्या. शेवटी त्यांनी खालचं भिंग काढलं. काचेवर पिवळं बोट उमटलेलं.

"कौतिकभाऊ!"

प्रयोगशाळेचे शिपाई कौतिकभाऊ शांतपणे आले. "दसरा होता ना मॅडम. बठ्ठ्या मशिनींना हळद लावली. यालेच कसं सोडू?"

"अहो, पण भिंगाला?"

"वर लावली असती तर तुम्ही रागावल्या असत्या. म्हणून खाली."

"निळ्या प्रकाशात हळद चमकते हो! मी एक रेणू शोधतेय, तुम्ही अब्जावधी फासलेत!"

"घरची हळद शे," कौतिकभाऊ अभिमानाने म्हणाले. "चमकणारच."

भिंग स्वच्छ होऊन जागेवर बसलं आणि नाना आत शिरले.

"तो पाहा नाना, डावीकडे..."

नानांना शिंक आली.

"गेला. दहा सेकंदांत विझतो तो."

"आम्हाला बोलावलं आणि हाच निघून गेला?"

दुसऱ्या रेणूच्या वेळी नानांचा फोन वाजला. तिसरा मात्र दिसला. नाना पडद्याला नाक टेकेपर्यंत वाकले. मग त्यांनी खिशातून पेन काढून हेमांगीबाईंनी पुढे केलेल्या मंजुरीच्या कागदावर सही केली.

"यंत्र इथंच राहील."

हेमांगीबाईंनी कागद छातीशी धरला, डोळे मिटून सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात मागून नानांचा आवाज आला.

"एवढं दर्शन घडवलं यानं, आणि अंगावर हळदीचं बोट नाही? दुपारी शिरपूरची मंडळी बघायला येतायत, काय म्हणतील? कौतिक, ताट आण. याचा डोळा कुठं रे?"

"खाली, नाना."

"नाना, नको...!"

नाना वाकून सरळही झाले होते. अंगठा पिवळा, चेहरा प्रसन्न.

कौतिकभाऊंनी भिंग पुसायच्या कागदाचं पुडकं मॅडमपुढे धरलं.