हुकूमशहाची आरती

माझ्यामुळे कुठे गोंधळ झाला, असं अख्ख्या सालेकशात कोणी दाखवून द्यावं! त्यातून सोमवारी तर शक्यच नाही. सोमवारी देवाजवळ दिवा लागेपर्यंत माझं मौन असतं.

म्हणूनच मुलाच्या, ओमेशच्या सिनेमाला मी निर्धास्त गेले. दोन वर्षं खपून त्याने तो केला होता. नागपूरच्या पाहुण्यांना पसंत पडला, तरच महोत्सवात जाणार होता. पुढच्या काळात एक राजा येतो आणि लोकांच्या गाण्यांवर बंदी घालतो, अशी गोष्ट. त्यात आणीबाणीतली सेन्सॉरची कात्री होती, जुन्या जर्मनीतली संचलनं होती. ओमेशने सगळं समजावलं होतं. राजा स्वतः जे गातो त्याला आरतीची चाल दिली आहे, हे तेवढं सांगायचं राहिलं!

झांजा वाजल्या. मी डोळे मिटून उभी राहिले, टाळी धरली. आरतीला कोणी बसून राहतं का? माझ्यामागे आमचं भजनमंडळ उठलं, त्यांच्यामागे अख्खं सभागृह! पडद्यावर म्हणे राजा गात गात एका शाहिराला तुरुंगात टाकत होता आणि आम्ही त्याला ताल देत होतो.

ओमेश धावत आला. "माय, काऊन उभी झालीस? बस ना!"

बोलणार कशी? मी हात गोल गोल फिरवून हवेत तबक ओवाळून दाखवलं. आरती चालू आहे, बाळा!

मागून लॅपटॉपवाला दुलीचंद ओरडला, "काकू पुन्हा लाव म्हणून राहिली!"

आणि त्याने लावलं! शाहीर दुसऱ्यांदा तुरुंगात गेला. या खेपेला टाळ्या जास्त जोरात.

सिनेमा संपल्यावर पाहुण्यांनी विचारलं, "राजा कसा वाटला?"

भजनमंडळातली शामकला ठसक्यात म्हणाली, "मोठा भक्तिवान होता जी! असाच पाह्यजे!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.

"सिनेमा मी नेतो," ते हळूच ओमेशला म्हणाले. "चाल बदलू नका. मला आत्ता खरंच भीती वाटली."

निवड झाली, तरी पोराचं तोंड उतरलेलं. संध्याकाळी मी दिवा लावला, तसा तो जवळ येऊन बसला.

"माय, बाकीच्यांचं सोड. राजा वाईट होता, हे तुले तं समजलं ना?"

किती आशेने बघत होता! पण व्रताच्या दिवशी खोटं कसं बोलायचं? मी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला.

"माझे तर डोळे मिटलेले होते रे. पण आवाज मोठा गोड होता हो त्याचा!"