‘काळी माती’च्या संस्थापकाचं निधन

सकाळी दूध आणायला निघालेला राजशेखर भूमच्या एस.टी. स्टँडसमोर आला, तेव्हा त्याला कळलं की आपण वारलो आहोत. चौकात त्याचाच फोटो लागला होता, काळापांढरा, चांगला पुरुषभर उंच. शेजारी तेवती समई, नावाआधी कैलासवासी या अर्थाचं ‘लिंगैक्य’, नावाखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. तळाला ‘काळी माती बँड परिवार’ आणि आज संध्याकाळी मंगल कार्यालयात यावं अशी विनंती. फोटोतला चेहरा बघून हा माणूस जिवंत असेल अशी शंका कुणालाही आली नसती.

राजशेखर तडक रामलिंग फ्लेक्सवाल्याकडे गेला. त्याला दारात बघून रामलिंग आधी भिंतीला टेकला, मग सावरला.

“काका, तुमी हाव व्हय! लई बरं वाटलं.”

“ह्ये काय करून ठिवलंस?”

“माझी चूक काय, सांगा. तुमचा ड्रमवाला रणधीर म्हणला कलर नको, हसरा फोटो नको, गॉगल नको, पुढाऱ्याचं डोकं नको. मग माणूस असला फ्लेक्स कशासाठी करतो?”

“गाण्याचा कार्यक्रम हाय, लेका!”

“गाण्याला कुणी असलं तोंड करतंय का? मला वाटलं, दुःखात मजकूर लिहायचा राहून गेला पोराकडनं. समई तर म्या माझ्या मनानं टाकली. तुमच्यावरच्या मायेनं.”

रामलिंगला बोल लावण्यात अर्थ नव्हता. हे असलं तोंड ‘काळी माती’चं धोरणच होतं. राजशेखर तरुणपणी पुण्याला शिकायला गेला होता. शिक्षण जमलं नाही, पण होस्टेलवर त्याने एक कॅसेट ऐकली. कुणी परदेशी म्हातारा खरखरीत गळ्याने गिटारवर रडत होता. त्याला ब्लूज म्हणतात, असं मित्राने सांगितलं. राजशेखरला इंग्रजीचा एक शब्द कळला नाही, पण या माणसाच्या गावालाही पाऊस झालेला नाही एवढं बरोबर कळलं. गिटार घेऊन तो भूमला परतला आणि गावातला एकमेव गाता गळा, म्हणजे महालिंगप्पा, त्याने आपल्या बाजूला ओढला. दोघांनी मिळून बँड काढला आणि ‘एस.टी. आलीच नाही’, ‘बोअरला लागली धूळ’ अशी गाणी बांधली.

तेव्हापासून बँड अखंड चालू आहे. लोक मात्र टिकले नाहीत. पहिला ड्रमवाला तलाठी झाला, दुसरा डीजेत गेला, तिसऱ्याला कीर्तनाची गोडी लागली. एक कीबोर्डवाला वाजवताना हसायचा म्हणून राजशेखरनेच काढून टाकला. लग्नाच्या सुपाऱ्या सुरुवातीला मिळायच्या, पण एका लग्नात अक्षता पडायच्या आधीच नवरीकडची मंडळी रडायला लागली आणि तेही बंद झालं.

खरा घाव महालिंगप्पाचा. त्याला प्रत्येक गाण्याचा शेवट दणक्यात हवा असायचा, राजशेखरला हळू. ईट गावच्या एका कार्यक्रमात एकाने तसा शेवट केला, दुसऱ्याने असा, आणि दोघं एकाच गाण्यातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडले. महालिंगप्पा स्टेजवरून उतरला, तेरखेड्याला गेला आणि त्याने फटाक्यांचं दुकान टाकलं. तेरखेडा काही विलायतेत नाही. पण आधी कोण बोलणार, या एका मुद्द्यावर दोघांच्या दाढ्या पांढऱ्या झाल्या. राजशेखर बायकोला कधीमधी एवढंच म्हणायचा, “म्हाल्या एकदा तरी यायला पायजे हुता.” बाकी कुणाची आठवण त्याने कधी काढली नाही.

तो दूध घेऊन घरी पोचेपर्यंत बातमी आधीच पोचली होती. शेजारच्या सारजाबाई पिठलं-भाकरी घेऊन रडत आल्या होत्या आणि समोर प्रत्यक्ष मयत दुधाची पिशवी घेऊन उभा बघून रागावून परत गेल्या. भांडं तेवढं ठेवून गेल्या. राजशेखरची बायको जगदेवी फोन कानाला लावून बसली होती.

“तेरखेड्याचा फोन हुता,” ती म्हणाली. “भावजींच्या सुनेचा. भावजी निघालेत. एस.टी.त बसून रडायलेत म्हणं. म्या सांगणार हुते, तवर तिनं ठिवला. आता लावते परत.”

“लावू नको.”

“का?”

राजशेखरने दुधाची पिशवी खाली ठेवली. “मी जित्ता हाय म्हणल्यावर त्यो वाटंतनं माघारी फिरंल.”

संसारात जगदेवीने पुष्कळ काही सोसलं होतं, पण ही मागणी नवीन होती.

“कुकू पुसायची न्हाय मी. आधीच सांगते.”

“पदर पुढं घे की नुसता.”

“आन् संध्याकाळपर्यंतच. सारजाबाईचं आन् रामलिंगचं तोंड मी बंद करते, पण उद्या सकाळी लाईट बिलाला तुमालाच जायचंय.”

महालिंगप्पा आला तेव्हा राजशेखर आतल्या खोलीत पिठलं-भाकरी खात होता. महालिंगप्पा वाळला होता, पाठ वाकली होती. तो भिंतीला टेकून बसला आणि रडायला लागला. ‘माती रातीच झाली’ असं सांगताना जगदेवीला त्याच्याकडे बघवेना, म्हणून तिने पदर आणखी पुढे ओढला. ते अगदी शोभून दिसलं. एवढ्यात आत राजशेखरला ठसका लागला. बिडीने पोखरलेल्या छातीचा तो खोकला सगळ्या आळीला पाठ होता.

“कोण खोकतंय, वहिनी?”

“शेळी हाय,” जगदेवी म्हणाली. “आजारी हाय.”

“कवापासनं?”

“लग्न झाल्यापासनं,” जगदेवीच्या तोंडून गेलं.

महालिंगप्पाने मान हलवली, डोळे पुसले आणि पाणी मागितलं.

मंगल कार्यालय गच्च भरलं. ‘काळी माती’च्या कार्यक्रमाला एवढी माणसं कधीच आली नव्हती. जिवंतपणी ज्यांना बोलावून बोलावून राजशेखरची जीभ झिजली, ते सगळे आपण होऊन पुढच्या खुर्च्यांवर बसले होते. मोबाईल बंद, पोरं गप्प. राजशेखर स्टेजमागच्या पडद्याआड ॲम्प्लिफायरजवळ गिटार मांडीवर घेऊन बसला होता. कार्यक्रम संपला की बाहेर यायचं आणि सगळ्यांची माफी मागायची, असं त्याने ड्रमवाल्या रणधीरला सांगितलं होतं. त्याआधी बाहेर यायची सोय नव्हती, कारण आधी भाषणं झाली. एका पुढाऱ्याने राजशेखरच्या आनंदी, उत्साही गाण्यांनी तालुक्यातल्या तरुणाईला कसं नाचवलं ते सांगितलं. राजशेखरला आयुष्यात एवढा अपमान कुणी केल्याचं आठवेना. पडद्याआडून त्याने मूठ आवळली, पण मेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही.

मग महालिंगप्पा उठला. फोटोला फूल वाहिलं आणि रणधीरला म्हणाला, “‘बोअरला लागली धूळ’. सावकाश धर.”

त्याचा गळा आता फाटला होता. वरचा सूर लागत नव्हता. पण फाटलेल्या गळ्याला ते गाणं असं काही बसलं की राजशेखरने डोळे मिटून घेतले. मशीन खाली खाली जातं, माणसं वाकून वाकून बघतात, आणि वर येते ती फक्त धूळ. समोर बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. ब्लूज रडण्यासाठीच असतो, हे भूमला पटवायला राजशेखरची हयात गेली होती. मरण मध्ये आल्यावर ते एका कडव्यात पटलं.

गाण्याच्या मध्यावर गिटारची जागा होती. तिथे पोचल्यावर महालिंगप्पा थांबला. रणधीर बिचारा नुसता ठेका धरून राहिला. ती रिकामी जागा राजशेखरला सोसवेना. ठरलेलं सगळं विसरून त्याने तारेवर बोट ओढलं आणि पडद्याआडून तो वाजवायला लागला, हळू, फार हळू, ईटला वाजवलं होतं तसंच.

आता दंगा होणार म्हणून रणधीरने डोळे मिटले. पण पुढच्या रांगेतले पुढारी शेजाऱ्याकडे वाकून म्हणाले, “रेकॉर्डिंग चांगलं ठिवलंय हो यांनी. ह्यात पोरांचं कौतुक हाय.”

गाणं संपलं. शेवट हळूच झाला. लोक शांतपणे उठले, फोटोला हात जोडून गेले. कार्यक्रम संपल्यावर बाहेर यायचं ठरलेलं होतं, पण राजशेखरचे पाय उचलले नाहीत. तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि महालिंगप्पा आत आला. त्याने खुर्ची ओढली, बसला. दचकला वगैरे काही नाही.

“तुला ठावं हुतं?” राजशेखरने विचारलं.

“असलं खोकणारी शेळी धाराशिव जिल्ह्यात न्हाय.”

“मग तवाच का न्हाय बोललास? गायलास कशाला?”

“एस.टी.त खरंच रडलो रं मी. वाटलं, लई उशीर केला. मग तुझा खोकला ऐकला. म्हणलं, आता उठावं का बसावं? जित्या माणसाकडं मी कसा येऊ? त्यानं आधी बोलायला पायजे. मेलेल्याकडं यायला काय अडचण नसती.”

राजशेखर गिटारच्या तारा उगाच पुसत राहिला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. पण त्याचं सगळं बोलणं आयुष्यभर गाण्यातच झालं होतं, आणि ते महालिंगप्पा सोडून बाकीच्यांनी ऐकलं होतं.

“उद्या ये की,” तो शेवटी म्हणाला. “नवं गाणं हाय एक. शेवट जमंना त्याचा.”

महालिंगप्पाने विचार केला आणि खेदाने मान हलवली.

“उद्या कसं जमंल? उद्या तू जित्ता असणार.”

बाहेर खुर्च्या आवरल्या जात होत्या. जगदेवी दारात उभी राहून घरी निघायची वाट बघत होती. राजशेखरने तिच्याकडे एकदा बघितलं आणि नजर चुकवली.

“तू ये,” तो म्हणाला. “उद्याचा दिवस मी घराबाहेर पडत न्हाय.”

महालिंगप्पाने चपला शोधून पायात सरकवल्या.

“किती वाजता येऊ?” त्याने विचारलं.