मेलेलं पोवळं

समुद्र म्हणजे काय हे अंजनगाव सुर्जीत मी एका बैठकीत समजावून सांगू शकते, असं मी सुटीवर निघताना सहकाऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. आमच्या गावापासून समुद्र इतका लांब आहे की त्याच्याविषयी कोणाचे गैरसमजही नसतील, असा माझा हिशेब होता.

मी लक्षद्वीपच्या एका बेटाभोवतीचे प्रवाळ तपासते. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरायचं, तळाशी मोजपट्टी अंथरायची आणि तिच्याखाली येईल ते टिपायचं: जात कोणती, जिवंत की मेलेलं, भोवती मासे किती तऱ्हेचे. पूर्वी म्हणे एकाच पट्टीखाली इतक्या जाती सापडायच्या की लिहिता लिहिता टाकीतली हवा संपायची. मग समुद्र तापला. प्रवाळ आधी पांढरेफटक पडले, मग त्यांच्यावर शेवाळ चढलं. आता माझं काम सोपं झालंय. बहुतेक वेळा एकच शब्द लिहावा लागतो.

हे सगळं मला घरी सांगायचं होतं. पण प्रवाळाला मराठीत पोवळं म्हणतात, तिथेच घात झाला.

शेषराव काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आमच्या मळ्यातला झेंडू आणि फुलकोबी बाजारात तेच नेतात, आणि मालाबरोबर घरातल्या बातम्याही विकून येतात. मी पोचायच्या आधीच ‘आमची वर्षाली पोवळ्याची डॉक्टर हाय’ ही बातमी गावभर झाली होती. पहिल्याच सकाळी शेजारच्या काकू मंगळाची अंगठी घेऊन दारात उभ्या. मी त्यांना समजावलं. त्या समजल्यासारखी मान हलवून गेल्या आणि दुपारी जावेची अंगठी घेऊन आल्या.

मी आले होते ती काकांच्या मुलीच्या, आचलच्या साखरपुड्याला. मुलगा धामणगाव रेल्वेचा, अंकुर. मेळघाटात वनरक्षक आहे. आचलला मंगळ आहे, त्यामुळे अंकुरची आई, कौशल्याबाई, या सोयरिकीला मुळीच तयार नव्हत्या. पोरगा अडून बसला तेव्हा मधला मार्ग निघाला: आचलने बोटात पोवळं घालायचं. ते कौशल्याबाईंनी स्वतः निवडून आणलं होतं. म्हणजे त्या अंगठीवर सगळं लग्न उभं होतं, आणि काकांनी ती तबकासकट माझ्यापुढे धरली.

“पाय बरं बाई,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “याची तब्येत कशी काय हाय?”

खड्यांतलं मला काही कळत नाही, असं मी हळूच सांगितलं. काकांना तो माझा विनय वाटला. कौशल्याबाईंना संशय वाटला. त्या म्हणाल्या, पाहू द्या, आमच्याकडं काही खोटं नाई. आता न पाहणं हा त्यांचा अपमान होता. मी अंगठी हातात घेतली. लाल, गुळगुळीत, चमकणारा तुकडा. आणि वर्षभर पाण्याखाली जो शब्द लिहीत आले तो माझ्या तोंडून आपसूक निघून गेला.

“मेलेलं आहे.”

साखरपुड्याच्या मांडवात हा शब्द पडल्यावर जे होतं ते झालं. बायकांनी पदर तोंडाला लावले. बुंदी पाडणारा कढईवर झारा धरून तसाच थांबला. मी घाईघाईने सावरायला गेले: अहो, सगळंच पोवळं मेलेलं असतं, त्यात एक बारीक जीव राहत असतो, हा त्याचा सांगाडा आहे. यापेक्षा मी मांडवाला आग लावली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे मी सुनेच्या बोटात हाडूक घालून राहिली काय?” कौशल्याबाई उठून उभ्या राहिल्या.

काका धावून आले. मेलेलं असन तर जितं आणू, पोट्टी तिथंच तर राह्यते, असं त्यांनी भरसभेत कबूल करून टाकलं. मी म्हटलं, जिवंत प्रवाळ काढणं गुन्हा आहे, कायद्यात त्याला वाघाइतकं संरक्षण आहे. मग अंकुरचा चेहरा उतरला. वनरक्षक माणूस. आईने आणलेल्या अंगठीकडे तो घरात वाघनख सापडल्यासारखा बघायला लागला. हे लाल पोवळं दूरच्या समुद्रातलं असतं, आमच्या बेटाशी याचा संबंध नाही, असं मी सांगत होते. पण त्याने तबक हळूच पायाने लांब सरकवलं आणि मला विचारलं, “ताई, याची पावती सांभाळून ठेवा लागन काय?”

मुलाकडची माणसं उठली. जेवणाच्या पंगती रिकाम्या राहिल्या. शेवटी त्यांच्या ज्योतिष्याला फोन लावला. त्याने पोवळं रद्द केलं, आणि बदल्यात आचलने जन्मभर मंगळवारी अळणी उपास धरायचा असं ठरवलं. सगळ्यांना ते पटलं. आचलला कोणी विचारलं नाही. तिने मान खाली घालून हो म्हटलं, आणि संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली.

“ताई, तू खरंच बोलली असशीन,” ती म्हणाली. “पण मीठ माह्यं गेलं.”

 

पुढचे दिवस काकांनी माझं नाव बाजारात काढलं नाही. शेजारच्या काकू मला पाहिलं की बोट पदराआड घ्यायच्या. बेटाविषयी मात्र एकाही माणसाने काही विचारलं नाही. माझी बैठक झालीच नाही.

निघायच्या दिवशी बाबा मला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडायला आले. ते घरात फारसं बोलत नाहीत. अकोल्याची बस लागायची होती. रस्त्याकडे बघत ते म्हणाले, “तुह्या त्या पोवळ्यायले झालं काय पण?”

मी सांगितलं. सगळं. पाणी कसं तापलं, रंग कसा गेला, मासे कसे कमी झाले. ते कोबीवरच्या रोगाविषयी ऐकतात तसे लक्ष देऊन ऐकत होते.

“फवारणी चालत नाई?”

“नाही बाबा.”

“मंग पाणी थंड करा लागते.”

“हो.”

“तर करत काऊन नाई?”

तेवढ्यात बस लागली. वरच्या लोकांना सांगते, असं म्हणून मी चढले. वरच्यांना ते आम्ही दरवर्षी सांगतोच. इंग्रजीत, लांबण लावून.